मांडलेलं पान

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. नाव मुद्दाम लिहीत नाही. तुझी आई हे पत्र लिफ्टमध्ये भेटेल त्याला वाचून दाखवणार, याची मला खात्री आहे.

काल रात्री साडेअकरानंतर तुझे अकरा निरोप आले. तुमच्याकडे व्हिएन्नात तेव्हा संध्याकाळचे सात वाजले असतील. पहिल्या दहा निरोपांत साडी, काटे, चमचे, वाइन आणि "राजदूताला काय म्हणायचं" वगैरे होतं. खरी गोष्ट अकराव्यात होती: "काकू, त्या जेवणाला येत नाही, बरं नाही, असं कळवून टाकू का?"

पहिल्या दहांची उत्तरं देईन, पण आधी अकरावं. नाही. कळवायचं नाही. हो म्हटलंयस, आता जायचं.

खरं तर पत्र इथेच संपायला हरकत नव्हती. पण तू सहावीत माझ्याकडे जर्मन शिकायला यायचीस तेव्हापासून तुझा स्वभाव मला माहीत आहे. डाटिव्ह विभक्ती का लागते हे पटल्याशिवाय तू पुढच्या ओळीवर जायची नाहीस. म्हणून सविस्तर लिहिते. व्हॉट्सॅपवर मी नुसता अंगठा पाठवून मोकळी झाले असते.

तीन आठवड्यांपूर्वी ते कार्ड आलं, तेव्हा तू त्याचा फोटो आईला पाठवलास, मला पाठवलास आणि बहुधा दहावीच्या ग्रुपवरही टाकलास. तुझ्या संशोधनाच्या गाइडबाईंचा नवरा वकिलातीत दोन नंबरचा माणूस, त्यांच्या घरी चौदा जणांचं जेवण, त्यात दोन राजदूत सपत्नीक. केवढी खूश होतीस! कार्डाच्या खाली कोपऱ्यात चार बारीक अक्षरं होती, u.A.w.g. ला आपण देवनागरीत लिहू तर ऊ. आ. वे. गे. "उम आन्टवोर्ट विर्ड गेबेटेन", म्हणजे उत्तराची विनंती आहे. तू त्याच दिवशी उत्तर दिलंस. मग गेल्या आठवड्यात तेच कार्ड पुन्हा आलं, ती चार अक्षरं खोडून वर पेनाने "पी. एम." लिहिलेलं, आणि तू मला विचारलंस, "१९.३० लिहून पुन्हा पी.एम. कशाला?" मी एकटीच खूप हसले. अगं, ती वेळ नव्हे. फ्रेंचमध्ये "पूर मेम्वार", आठवणीसाठी. तुमचा होकार मिळाला, तुमची जागा धरली आहे, विसरू नका, एवढा अर्थ त्या दोन अक्षरांत आहे. तुझ्या नावाची खुर्ची त्या घरात मांडून झाली आहे, बाळ.

आपल्याकडे, विशेषतः आपल्या पुण्यात, "हो" या शब्दाची किंमत आपणच घालवली. "यायचं हं नक्की." "हो हो, अगदी नक्की." दोघांनाही ठाऊक असतं की यातलं काहीच नक्की नाही. कार्यालयवाल्याला चारशे पानं सांगायची, साडेतीनशे येतात, नाहीतर साडेचारशे येतात, आणि जिलबी कमी पडली की व्याही रुसतात. मला विचारशील तर बुफेने आपल्याला बिघडवलं. बुफेत कुणी आलं काय, न आलं काय, रांग तेवढीच दिसते. पंगतीत तसं नव्हतं. पंगतीत पान मांडलेलं असायचं.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणातली गोष्ट सांगते. आम्ही तेव्हा शनिवार पेठेत वाड्यात राहायचो. शुक्रवारी सवाष्ण जेवायला सांगितली होती. पुरण वाटून झालेलं, पाट मांडलेला, पानाभोवती रांगोळी, उदबत्ती लावलेली. आणि साडेबाराला सवाष्णीचा निरोप आला की जमत नाही. माझ्या सासूबाईंनी सोवळं सोडलं, लुगडं बदललं आणि भर दुपारी वाड्यातली चार दारं वाजवली. शेवटी मागच्या सोप्यातल्या भाडेकरूची नवी सून मिळाली. ती बिचारी जेवून बसली होती. तरी आली, दोन पुरणपोळ्या कशाबशा खाल्ल्या, ओटी घेऊन गेली. सासूबाई दिवसभर काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मला एवढंच म्हणाल्या, "मांडलेलं पान तसंच उचलायला हात होत नाही गं."

हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. आणि तरी पाच वर्षांनी मी तेच केलं, तेही परदेशात.

१९८४ चा फेब्रुवारी. आम्ही बॉनला होतो. तेव्हा ती पश्चिम जर्मनीची राजधानी होती, पण शहर इतकं लहान की जर्मन लोकच तिला चेष्टेने "बुंडेसडॉर्फ" म्हणायचे, केंद्र सरकारचं खेडं. बेकरीत भाजलेले पाव घ्यायला गेलं तरी एखाद्या वकिलातीतलं कुणी तरी रांगेत पुढे उभं असायचं. अशाच एका बाईंशी माझी ओळख झाली. त्या जर्मन, नवरा दुसऱ्या एका देशाच्या वकिलातीत. हस्तकलेच्या एका प्रदर्शनात मी दोन दिवस त्यांच्यासाठी दुभाषी म्हणून काम केलं होतं. त्यांनी जेवायला बोलावलं. चौदा माणसं. मी होकार कळवला, तुझ्यासारखाच, त्याच दिवशी.

आणि त्या दिवशी दुपारी मी कच खाल्ली. नवरा कामासाठी श्टुटगार्टला गेलेला. मला वाटलं, मी एकटी काय बोलणार? माझं जर्मन पुस्तकी. कुणी राजकारण विचारलं तर? चूक बोलले तर देशाचं नाव जाईल, असलंही काहीतरी उदात्त वाटलं. भित्र्या माणसाला ऐन वेळी देश फार आठवतो. चार वाजता मी फोन केला आणि सांगितलं की दाढ सुजली आहे. त्या म्हणाल्या, काळजी घ्या. मी आठ वाजता मुगाची खिचडी लावली, हीटरपाशी बसून खाल्ली आणि, खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

सहा आठवड्यांनी त्या बेकरीत भेटल्या. "दाढ कशी आहे?" कुठल्या बाजूची दाढ सांगितली होती ते मला आठवेना, म्हणून मी दोन्ही गालांना हात लावला. त्यांनी ते पाहिलं. मग शांतपणे सांगितलं की त्या रात्री तेराजण उरले. तेरा माणसांचं टेबल तिकडे अशुभ मानतात. पॅरिसमध्ये तर एकोणिसाव्या शतकात चौदावा पाहुणा म्हणून भाड्याने जाणारी माणसं असायची, संध्याकाळी सूट घालून तयार बसलेली. बॉनमध्ये असा कुणी नव्हता. त्यांनी आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला अभ्यासावरून उठवलं, गळ्यात बापाचा टाय बांधला आणि माझ्या खुर्चीवर बसवलं.

माझ्या डाव्या हाताला त्यांचे जुने शिक्षक बसणार होते. ऐंशीच्या घरातले. युद्धाआधी दोन-तीन वर्षं ते पुण्यात राहिले होते, भांडारकर संस्थेत पोथ्या पाहायला जायचे. मराठी ऐकून त्यांना चाळीसएक वर्षं झाली होती. मी येणार म्हणून ते त्या रात्री खास आले होते, आणि येताना खिशात एक जुना फोटो घेऊन आले होते, लकडी पुलावरून काढलेला, नदीकाठच्या वाड्यांचा. यातलं पानशेतच्या पुरात काय वाहून गेलं आणि काय राहिलं, हे त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं. बाई म्हणाल्या, "माझा मुलगा चांगला बोलला त्यांच्याशी. फुटबॉलबद्दल."

तो फोटो मी पाहिला नाही. त्या गृहस्थांचा पत्ता मागितला असता तर त्यांनी तिथल्या तिथे कागदावर लिहून दिला असता. मी मागितला नाही. लाज वाटली. पाव घेतले आणि घरी आले.

तर, हो म्हटलंयस, आता जायचं.

तू म्हणशील, काकू, एका जेवणाचं एवढं काय. ज्या लोकांत तू जाणार आहेस त्यांचा सगळा धंदाच कोण आलं, कोण नाही आलं, कोण कुठे बसलं यावर चालतो. १६६१ साली लंडनमध्ये स्वीडनच्या नव्या राजदूताच्या स्वागताच्या मिरवणुकीत फ्रान्सची बग्गी पुढे की स्पेनची, यावरून भर रस्त्यात मारामारी झाली. माणसं मेली, घोडे मेले. आपल्याकडच्या मानपानाला नावं ठेवणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. ही भांडणं मिटवायला शेवटी तुझंच शहर लागलं. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत ठरलं की देश मोठा की छोटा हे बघायचं नाही, जो राजदूत आधी आला तो आधी. पुढे १८ एप्रिल १९६१ ला राजनैतिक संबंधांचा जो करार झाला तोही व्हिएन्नातच, आणि त्याच्या सोळाव्या कलमात हेच पक्कं केलं: ज्या दिवशी, ज्या वेळी कामावर रुजू झाला त्या क्रमाने मान. त्यानंतर तीनच महिन्यांनी इकडे पानशेत फुटलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण माझ्या डोक्यात त्या फोटोमुळे त्या कायमच्या शेजारी शेजारी बसल्या आहेत.

रिकाम्या खुर्चीचं म्हणशील, तर १९५० ची गोष्ट ऐक. चीनची जागा कुणाची, यावरून रागावून सोव्हिएत प्रतिनिधी जानेवारीपासून सुरक्षा परिषदेत येईनासा झाला. जूनमध्ये कोरियाचं युद्ध पेटलं, ठराव आले, आणि नकाराधिकार वापरायला तो जागेवर नव्हताच. ठराव झाले. ऑगस्टमध्ये तो मुकाट्याने परत येऊन बसला. आता तू हुशारी करून म्हणशील की १९६५ मध्ये फ्रान्सने युरोपीय समुदायाच्या बैठकांत सहा-सात महिने खुर्ची रिकामी ठेवली आणि त्यातून त्यांना हवं ते बरंचसं मिळालं. मिळालं. पण फ्रान्सच्या अध्यक्ष द गॉलने "दाढ सुजली" असं कळवलं नव्हतं. येणार नाही म्हणून जगाला सांगितलं होतं, का येणार नाही तेही. तुला असं काही जाहीर करायचं आहे का? नाही ना? मग.

तुझा एक निरोप मला लागला, तो सोडत नाही. "मला बहुतेक भारतीय म्हणून शोभेला बोलावलंय." असेल. त्यात चूक काय? त्या टेबलावरचा प्रत्येकजण कशाचा तरी नमुना म्हणूनच बसलेला असतो, राजदूत तर पगार घेऊन. आणि समज, तुझा हा आक्षेप बरोबर आहे. मग तो तीन आठवड्यांपूर्वी का नाही सुचला? नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क होता. दोन ओळींत आभार मानून नाही म्हणाली असतीस तर मी तुला शाबासकी दिली असती. तत्त्वं होकार देण्याआधी आठवायची असतात, बाळ. जेवणाच्या आठ दिवस आधी आठवतं ते पोटातलं भय असतं, आणि त्याला आपण तत्त्वाचा टाय बांधतो.

रागावू नकोस. मी पण स्वतःवर चिडूनच लिहितेय.

तुझ्या आईने तुला नक्की सांगितलं असेल, किंवा माझ्या भावाने कधीतरी आमच्या गच्चीवर सांगितलं असेल, तेव्हा माझ्या तोंडूनच ऐक. बॉननंतर मी ठरवलं की हो म्हटलं की जायचं. चाळीस वर्षांत एकदाही चुकले नाही. १९९७ मध्ये एक जर्मन मंडळ पुण्यात आलं होतं, त्यांच्या रात्रीच्या जेवणाला दुभाषी म्हणून मी शब्द दिला होता. त्याच दिवशी माझी आई मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. मी सात ते साडेनऊ त्या जेवणाला गेले आणि तिथून थेट हॉस्पिटलमध्ये. भाऊ आजही म्हणतो, आई खाटेवर आणि ही बाई काट्याचमच्यांत.

आता तूच सांग, माझं काय चुकलं? भाऊ होता, भावजय होती, दोन डॉक्टर होते. मी तिथे बसून सलाइनच्या थेंबांशिवाय दुसरं काय मोजणार होते? आणि आईनेच मला सांगितलं, "जा, शब्द दिलायस." मला ते स्पष्ट आठवतं. भावाचं म्हणणं, आई तेव्हा इंजेक्शनच्या गुंगीत होती, काही बोललीच नाही. तो असंही म्हणतो की त्या रात्री दुसरा दुभाषी मिळाला असता. कदाचित मिळालाही असता. रानडे इन्स्टिट्यूटमधले माझ्या बरोबरीचे चारजण तरी गावातच होते. मी कुणालाच फोन केला नाही. आई पुढे नऊ वर्षं चालती-फिरती होती, हे मी भावाला दर वेळी सांगते, आणि हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हे हे दर वेळी मला कळतं.

हे तुला सांगायची खरं तर गरज नव्हती. पण सांगितलं.

खरा ताप भरला, खरंच काही घडलं, तर गोष्ट वेगळी. मी राक्षसीण नाही. तेव्हा त्याच क्षणी फोन करायचा, स्वतः करायचा, मेसेज नाही, आणि खरं कारण सांगायचं, म्हणजे त्या बाईंना टेबल पुन्हा लावायला वेळ मिळतो. तुला मात्र ताप नाही. तुझ्या आईने काल रात्री व्हिडिओ कॉलवर तुला मॅगी खाताना पाहिलं आहे.

आता तुझे दहा प्रश्न.

साडी. कार्डावर "डुंकलर आन्त्सूक" लिहिलंय म्हणून घाबरलीस. त्याचा अर्थ पुरुषांनी गडद सूट घालावा. बायकांनी त्याला शोभेल ते. तुझं शहर बॉलचं, म्हणजे नाचाच्या समारंभांचं, जानेवारी-फेब्रुवारीत तिथे रोज कुठे ना कुठे बॉल असतो, आणि ऑपेरा बॉलला पायघोळ गाऊन नसेल तर दारातूनच परत पाठवतात, त्या बातम्या वाचून तू हबकली असशील. हे तसलं नाही. साडी चालते, नव्हे, साडी नेसलीस तर बाकी काही सिद्ध करावं लागत नाही. आई पैठणी पाठवायला निघाली होती. मी अडवलं. लग्नातली पैठणी नेसून जेवायच्या टेबलाशी बसलं की सगळी संध्याकाळ पदर सॉसमधून वाचवण्यात जाते. तुझ्याकडे ती जांभळी नारायणपेठ आहे ना, बारीक काठाची, तीच नेस. पदर पिन करून घे. परकराच्या आत लोकरीचा लेगिंग घाल, कुणाला दिसत नाही. पायात बर्फातले बूट आणि पिशवीत चपला. आत गेल्यावर कोट काढतात तिथेच बूट बदलायचे, सगळ्या बायका बदलतात. मी पहिल्या वर्षी चपला घालूनच निघाले होते. निऱ्यांची खालची वीतभर ओली झाली, आणि ती ओल रात्रभर पोटऱ्यांना चिकटत राहिली.

वेळ. साडेसात म्हणजे साडेसात. सव्वासातला बेल वाजवलीस तर घरातली बाई ओल्या केसांनी दार उघडेल, पावणेआठला वाजवलीस तर सूप थांबलेलं असेल. साडेसातच्या आधी पोचलीस तर कोपऱ्यावर फेरी मार.

खाणं. तू मांस खात नाहीस हे आजच कळव, फोनवर, एका वाक्यात. टेबलावर ताट समोर आल्यावर सांगणं म्हणजे स्वयंपाकघरात आग लावणं. आई म्हणत होती त्या दिवशी संकष्टी आहे. ते तुझं आणि गणपतीचं. पण चंद्रोदय किती वाजता हे यजमानांना विचारायला जाऊ नकोस. वाइन नको असेल तर ओतणाऱ्याला हलकेच "नको" म्हण. ग्लास पालथा घालायचा नाही, भाषण द्यायचं नाही. पाण्याच्या ग्लासने "प्रोस्ट" म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघ. तिकडे याचं फार आहे. काटे-चमचे बाहेरून आत, पाव तुझ्या डाव्या हाताचा. बाकी यूट्यूबवर बघ, त्यात मला रस नाही. चुकीचा काटा उचलल्याने कुणाचं घोडं मारलं जात नाही.

राजदूताला जर्मनमध्ये "हेर बोटशाफ्टर", बाई असतील तर "फ्राउ बोटशाफ्टरिन". पुढे नाव लागत नाही. तुझं नाव मात्र तू पूर्ण सांग, हळू सांग. "कॉल मी" वगैरे नको.

बोलायचं काय? बाळ, तू भूजलावर संशोधन करतेस आणि व्हिएन्नात राहतेस! १८७३ पासून त्या शहराच्या नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं, दुसरी वाहिनी १९१० ची. हे मला तूच सांगितलंस, मागच्या दिवाळीत, चकल्या खाताना. आणि आपल्याकडे नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळ घालून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं, पेठेपेठेत हौद बांधले, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. यावर तू चौदा माणसांना कॉफी येईपर्यंत बसवून ठेवशील. कुणी राजकारण काढलंच तर विचार, "आपल्याला काय वाटतं?" राजनैतिक लोकांना हा प्रश्न कुणी मनापासून विचारतच नाही. ते खुलतात.

एक बाजू धरून बसू नकोस. थोडा वेळ उजवीकडे, थोडा वेळ डावीकडे. मुख्य पाहुणे उठले की मग उठायचं, आणि उठलीस की निघायचं. आपल्याकडच्यासारखं दारात पाऊण तास नाही. दुसऱ्या दिवशी हाताने लिहिलेलं आभाराचं पत्र. ईमेल नाही. मी तुला ज्या जाड कागदाच्या चिठ्ठ्या दिल्या होत्या त्या अजून कोऱ्याच असतील, त्यातली एक काढ.

सगळं होऊनही तुला तिथे कंटाळा येईल, अशी दाट शक्यता आहे. दोन राजदूत गोल्फबद्दल बोलतील. एखादा तुला विचारेल की भारतात कुठे, आणि पुणे म्हटल्यावर तो मुंबईबद्दल बोलायला लागेल. बोलू दे. तू मजा करायला जात नाहीयेस. हो म्हटलंयस म्हणून जातेयस.

आई खाली चौकीदाराशी भांडतेय, आवाज इथवर येतोय, बहुतेक तुझ्या पार्सलवरूनच. नारायणपेठेचा ब्लाउज तुला दंडात घट्ट होत असेल तर आजच सांग, शिलाई उसवायची खूण मी फोनवर दाखवते.

जेवण झालं की घरी पोचल्यावर मला फोन कर. इकडे रात्रीचे तीन वाजले असले तरी चालेल, मी जागी असेन. काय वाढलं होतं ते आईला सांग. मला फक्त एवढंच सांग, तुझ्या डाव्या हाताला कोण बसलं होतं.

तुझी,
काकू